मोहावरच्या फाळाचा ठोका

मी, देवाजी कृष्णराव डोंगरवार, वय ७९ वर्षे, धंदा शेती, शिक्षण जुनी सातवी, राहणार कन्हारगोंदी, सानगडीजवळ, तालुका साकोली, जिल्हा भंडारा. ठाण्यात बोलावल्यावरून समक्ष हजर होऊन, विचारल्यावरून सांगतो की,

लहानपणी ऐकलेला एक आवाज आधी लिहून घ्यावा, कारण पुढचे सगळे त्याच्यावरून झाले. हवालदार जागेश्वर हे लिहून घेत आहेत. ते म्हणाले, "काका, घटना सांगा. आवाज जबाबात बसत नाही." मी म्हणालो, बसवा. तो वगळायचा असेल तर माझा जबाबच घेऊ नका. त्यावर त्यांनी लिहिण्यास सुरुवात केली.

आमच्या गावच्या तलावाखाली जी शेवटची बांधी, म्हणजे धानाचे शेत, आहे, तिच्या धुऱ्यावर, म्हणजे मातीच्या बांधावर, मोहाचे झाड आहे. त्या झाडाला नांगराचा जुना फाळ तारेने टांगलेला असे. तलावाचे तोंड उघडले की पाणी सगळ्यात आधी त्या शेवटच्या बांधीत जायचे. वाटेतल्या कोणी आपला धुरा फोडायचा नाही. शेवटच्या बांधीत पाणी पोचले की तिथला शेतकरी दगडाने तो फाळ ठोकायचा. तो आवाज पार शाळेपर्यंत यायचा. त्यानंतर वरच्यांनी आपापले धुरे फोडायचे. आमची बांधी तलावाजवळची, पहिलीच. माझे वडील फावडे खांद्याला लावून त्या ठोक्याची वाट पाहत उभे राहायचे. पाणी त्यांच्या पायाजवळून वाहत जायचे आणि ते उभे. ही रीत कोणी घातली मला माहीत नाही. मालगुजारी, म्हणजे तलावावरची जमीनदाराची मालकी, गेली तरी काही वर्षे ती चालू होती.

शेवटची बांधी तेव्हा तुलारामजी करत. ते आता हयात नाहीत. पाण्याच्या दिवसांत ते दुसऱ्या कामात असले की त्यांची मुलगी फाळ वाजवी. ती माझ्या वर्गात होती. त्या दिवशी तिची जागा रिकामी राहायची. गुरुजी आम्हाला कविता चालीवर म्हणायला लावत. ठोका ऐकू आला की हात वर करून म्हणत, थांबा, पाणी पोचले, आता पुढचे कडवे. तिचा ठोका आम्ही ओळखत असू. दोन जवळजवळ आणि तिसरा लांबवलेला, अगदी वर्गातल्या कवितेच्या चालीत. हे जबाबात कशाला, असे हवालदारांनी विचारले. लागेल म्हणून सांगितले.

पुढे सरकारने तलाव घेतला, नहर पक्की बांधली, तिला फाटक बसवले. चौकीदार आला. फाळ काही दिवस झाडावर गंजला आणि मग कोणी नेला. तेव्हापासून पाणी वरच्यांचे झाले. टोकाच्या बांध्यांत कधी पोचले, कधी नाही. मी स्वतः वरचा आहे. मला कधी पाणी कमी पडले नाही. म्हणजे माझी तक्रार स्वतःसाठी नाही, एवढे नोंदवून घ्यावे.

आता मागच्या काही वर्षांतले. नहरीचा कारभार शेतकऱ्यांच्या हाती द्यायचा असा कायदा आला, त्याप्रमाणे आमच्या गावातही पाणी वापर संस्था झाली. पहिल्या सभेला पाटबंधारे शाखेचे कालवा निरीक्षक आले होते. मी उठून बोललो की पाणी शेवटाकडून सुरू व्हावे. ते म्हणाले, आजोबा, तेच तर कायद्यात आहे. मला हसू आले. जी रीत आमच्या वडिलांच्या खांद्यावरून उतरवून नेली होती, ती छापून परत आली होती. तरी आनंद झाला. मी घरच्या नांगराचा फाळ काढून दिला आणि तो मोहाला टांगला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यातल्या किती जणांना तो कशासाठी हे कळले, ते मला सांगता येणार नाही.

त्याच सभेत एक ठराव झाला. नहरीच्या फाटकाचे चाक फिरवायला एक लोखंडी हॅन्डल असते. ते लावल्याशिवाय फाटक वर होत नाही की खाली होत नाही. ते हॅन्डल ज्याची बांधी शेवटची त्याच्या घरी राहील, असा ठराव. कारण सोपे आहे. ज्याची बांधी टोकाला, तो आपल्याकडे पाणी पोचल्याशिवाय फाटक बंद करणार नाही. हात वर करून ठराव पास झाला. शेवटची बांधी आज श्रीमती रत्नाबाई करतात. त्या तुलारामजींच्या सुनबाई, पती वारलेले, एकट्याच शेती पाहतात.

संस्थेचे अध्यक्ष वीरेंद्र श्यामराव लंजे, वय अंदाजे ५०, हे या प्रकरणातले फिर्यादी आहेत. त्यांची शेती माझ्या लगत, नहरीवर दुसरी. धानाचा व्यापारही आहे. कारभार हाती दिला त्या दिवशी कालवा निरीक्षकांनी हार घालून हॅन्डल वीरेंद्रच्या हाती दिले, फोटो काढला. वीरेंद्रने ते घरी नेले. मी विचारले तेव्हा तो म्हणाला, "देवाजीकाका, एकटी बाईमाणूस, तिले हे ओझं उचलन का? माह्या घरी राहू द्या, पाहिजे तेव्हा देतो." ते ओझे दाराच्या कोपऱ्यात उभे राहिले. ठराव सभेतच राहिला. कोण कोणाचे नातलग हे मला विचारू नये, नाते साक्षीला लागत नाही.

घटनेची हकीकत अशी. दसऱ्यानंतरची शेवटची पाळी, म्हणजे नहरीला ठरवून दिलेल्या दिवसांचे पाणी, होती. आमच्याकडे भारी धान उशिरा निसवते. त्या वेळी लोंबी पोटात असते आणि नेमके तेव्हाच पाणी लागते. ते चुकले तर लोंबी बाहेर येते पण दाणा भरत नाही. रत्नाबाईंचे सगळे धान त्या अवस्थेत होते. सकाळी फाटक उघडले. मी वडिलांसारखा माझ्या कुलाब्याजवळ, म्हणजे नहरीतून शेतात पाणी काढायच्या तोंडाजवळ, उभा राहिलो. माझा कुलाबा बंद होता.

दुपारी फाळ वाजला. मी कुलाबा उघडला. वीरेंद्रने उघडला. खालच्या भुपेंद्रने आणि इतरांनी उघडला. सगळ्यांनी ठोक्यावर विश्वास ठेवून उघडला, हे महत्त्वाचे. आमच्याकडे कोणी ठोका ऐकून उठून पाहायला जात नाही. आजवर तशी गरज पडली नव्हती.

माझ्या बांधीत पाणी भरू लागले तसे मला बरे वाटेना. ठोका एकच वाजला होता आणि कसातरी वाजला होता. ढकलून दिल्यासारखा. तेवढ्यावरून मी काही ठरवले नाही. काठी घेतली आणि नहरीच्या कडेने टोकाकडे चालत गेलो. अर्ध्या वाटेनंतर नहरीचा तळ कोरडा होता. मोहाजवळ पोचलो तर रत्नाबाई धुऱ्यावर बसल्या होत्या. बांधीला भेगा पडल्या होत्या, त्यात माझ्या काठीचे टोक सहज जात होते.

मी विचारले, फाळ तुम्ही वाजवला का. त्या म्हणाल्या, "मी कायले वाजवू, भाऊजी? काय आलं मले? तो चंद्रकुमार फटफटी घेऊन आला, एक दगड मारला अन् गेला. मी म्हटलं, काहून रे? तर म्हणते, पाणी मागून येऊन राहिलं."

चंद्रकुमार हा वीरेंद्रच्या ट्रॅक्टरवर चालक आहे. मी त्याला त्याच दिवशी गाठले. त्याने लपवले नाही. म्हणाला, वीरेंद्रभाऊने सांगितले, पाणी पोचतेच आहे, तू जाऊन वाजवून दे. त्याला त्यात काही खोटे वाटले नाही. दहा मिनिटे आधी वाजवले एवढेच त्याच्या लेखी. तो वाईट मुलगा नाही. त्याला या प्रकरणात ओढू नये, अशी माझी विनंती आहे. ज्याने पाठवले त्याला विचारावे.

मी परत येऊन माझा कुलाबा बंद केला. नंतर वीरेंद्रच्या शेतात जाऊन त्याचाही बंद केला, चिखल आणि तनीस, म्हणजे धानाचा पेंढा, घालून पक्का बंद केला. भुपेंद्र हा तरुण शेतकरी आहे, माझ्या बोलण्यातला. तो म्हणाला, "काका, माहं धान अजून पिऊन राहिलं." मी म्हणालो, आपण खोट्या ठोक्याचे पाणी घेतले आहे. त्याने स्वतःच्या हाताने कुलाबा बंद केला. बाकीच्यांनीही केले, कुरकुर करत केले. फिर्यादीत लिहिले आहे की मी जबरदस्ती केली. माझे वय पाहावे आणि त्यांचे दंड पाहावेत.

वीरेंद्रचा कुलाबा त्याच्या संमतीशिवाय मी बंद केला, हे मला मान्य आहे. त्याच्या पिकाचे नुकसान झाले, हे मान्य नाही. त्याच्या बांधीत मी घोट्याएवढ्या पाण्यात उभा राहून तो बंद केला.

संध्याकाळी कालवा निरीक्षक आले. वीरेंद्रने त्यांना सांगितले होते की टोकापर्यंत पाणी पोचले, गावाने ठोका ऐकला, पाळी पूर्ण झाली, फाटक बंद करायला हरकत नाही. मी म्हणालो, चला, पाहून घ्या. ते आले, हे त्यांच्या बाजूने नोंदवावे. मोहाजवळ आल्यावर ते बुटांची नाडी सोडू लागले. रत्नाबाई म्हणाल्या, "राहू द्या साहेब, बूट नका काढू. नाही भिजत ते."

साहेबांनी नाडी पुन्हा बांधली. परत येताना मात्र म्हणाले की पाळीचा वेळ वरून ठरलेला आहे, तो संपला, पुढच्या नहरीला पाणी द्यायचे आहे, उद्या सकाळी फाटक बंद होईल. चूक झाली असेल तर पुढच्या हंगामात दुरुस्त करू. मी म्हणालो, धान पुढच्या हंगामापर्यंत पोटुशी राहत नाही. पुढच्या नहरीचे तास आमच्या वरच्या कुलाब्यांतून वजा करा, पुढच्या वर्षी माझा एक पूर्ण दिवस घ्या, लिहून देतो. त्यांनी मान हलवली. तो होकार होता की नाही हे कळले नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी फाटकाच्या ओट्यावर जाऊन बसलो. चाकाला पाठ लावून बसलो. साहेब आले आणि म्हणाले, "आजोबा, उठा. वय झालं तुमचं." मी म्हणालो, वय झालं म्हणूनच बसलो, उभा राहवत नाही. लोक हसले. साहेबही हसले असतील, तोंड फिरवले होते. मी त्यांना हात लावला नाही, शिवी दिली नाही. एवढे म्हणालो की कारभार आमच्या हाती दिला असे तुम्हीच हार घालून सांगितले. कारभार आमचा असेल तर पाळी कधी संपली ते टोकाची बांधी सांगेल. आणि कारभार तुमचा असेल तर हार परत घेऊन जा.

सरकारी कामात अडथळा आणला असे यालाच म्हणत असतील, तर आणला.

वीरेंद्रने चंद्रकुमारला हॅन्डल आणायला घरी पाठवले. तो रिकाम्या हाताने परत आला. दाराच्या कोपऱ्यात हॅन्डल नव्हते. वीरेंद्र स्वतः जाऊन आला. हॅन्डल घरात कुठेच नव्हते. त्यामुळे फाटक बंद करता आले नाही, आणि वरचे कुलाबे बंद असल्याने पाणी कोरड्या तळात जिरत, सावकाश, पण सरळ खाली जात राहिले.

वीरेंद्र माझ्याजवळ येऊन म्हणाला, "काका, हॅन्डल तुम्हीच नेलं. नाटक नका करू." मी म्हणालो, तुझ्या घराचा उंबरा मी तुझ्या वडिलांच्या तेरवीनंतर ओलांडला नाही, हे तुलाही माहीत आहे. तो म्हणाला, मंग ते चालत गेलं का. मी म्हणालो, गेलं असेल, बरेच दिवस एका जागी उभं होतं.

त्या दिवशी मी ओट्यावरून उठलो नाही. भाकर भुपेंद्रने आणून दिली. येणारे-जाणारे थांबत होते. कोणी म्हणाले, म्हाताऱ्याला वेड लागले. कोणी माझ्याजवळ बसून राहिले. शाळेतल्या जुन्या कविता मला आठवत होत्या, पण पूर्ण एकही म्हणता येईना. दर वेळी एका कडव्यापाशी थांबत होतो. पाणी खाली जाताना पाहत होतो. नहरीत पाणी धावताना जो आवाज होतो, तो कुठलाच कवी नीट लिहू शकलेला नाही, असे माझे मत आहे. हवालदारांनी हे वाक्य गाळावे का विचारले. मी ठेवायला सांगितले.

तिसऱ्या दिवशी सकाळी ठोका ऐकू आला. दोन जवळजवळ आणि तिसरा लांबवलेला.

मी ओट्यावरून उठलो. कसा उठलो ते आठवत नाही. सगळ्यांना म्हणालो, पाणी पोचले, आता उघडा. माझा कुलाबा मी सगळ्यात शेवटी उघडला. रत्नाबाईंच्या बांधीत पाणी पूर्ण भरले, हे पाहायला भुपेंद्र गेला होता, त्याने येऊन सांगितले. मी गेलो नाही. ठोका पुरेसा होता.

त्या ठोक्याची चाल मी ओळखली. त्याहून जास्त मी सांगणार नाही.

यानंतर वीरेंद्रने फिर्याद दिली. हॅन्डलची चोरी, पिकाचे नुकसान, सरकारी कामात अडथळा. गावातल्या दोन मोठ्या माणसांकडून निरोप आला की माफीनामा लिहून दे, सभेत वाच, प्रकरण मिटेल. नाही तर संस्था बरखास्त होईल, कारभार पुन्हा सरकारकडे जाईल, आणि त्याला कारण देवाजी डोंगरवार हे नाव लागेल. हा निरोप मला लागला. संस्था मोडावी असे मला कधीच वाटले नाही. पण खोट्या ठोक्यावर चालणारी संस्था आणि जुना चौकीदार यांत मला फरक दिसत नाही. उलट चौकीदार फाळाला हात लावत नव्हता.

म्हणून मी माफीनामा लिहून दिलेला नाही आणि देणार नाही. पुढच्या हंगामात फाळ खोटा वाजला तर मी पुन्हा त्या ओट्यावर बसेन. मी नसलो तर दुसरा कोणी बसेल. भुपेंद्रने तसे बोलून दाखवले आहे, पण ते त्याचे म्हणणे आहे, माझ्या जबाबात त्याला धरू नये.

मला विचारण्यात आले की यात माझा फायदा काय. माझी बांधी पहिली. पाणी माझे पाय धुऊन पुढे जाते. फायदा नाही. मला विचारण्यात आले की रत्नाबाईंशी माझे काय नाते. नाते नाही. त्या मला भाऊजी म्हणतात, तशा गावातल्या सगळ्याच म्हाताऱ्यांना म्हणतात. मला विचारण्यात आले की तुलारामजींची ती मुलगी आता कुठे असते. या प्रश्नाचे उत्तर देण्यास मी नकार देतो. ती शाळेतून गेल्यावर लग्न होऊन गेली. चौथीनंतर आमचे कविता म्हणणे सुटले. एवढे लिहावे.

जबाब हवालदारांनी मला सुरुवातीपासून मोठ्याने वाचून दाखवला. त्यात शेवटी एके ठिकाणी त्यांनी लिहिले होते की, हॅन्डल कोणी नेले हे मला माहीत नाही. मी थांबवले. मी तसे बोललो नव्हतो. हवालदार हळू आवाजात म्हणाले, "काका, तुमच्या भल्यासाठी लिहिलं. माहीत आहे म्हणाल तर ठाण्याचे साहेब तुम्हाले सोडणार नाही." त्यांचा हेतू चांगला होता. तरी ते वाक्य खोडून असे लिहायला लावले की, हॅन्डल कोणी नेले ते मला माहीत आहे. ज्याच्या घरी ते ठरावाप्रमाणे असायला हवे होते तिथे ते पोचले, याला मी चोरी म्हणत नाही. नाव सांगणार नाही. खोडलेल्या जागी माझी आडवी सही घेतली.

बाकी सगळे मी बोललो तसेच उतरले आहे, कवितेचेही उतरले आहे, आणि ते खरे आहे म्हणून खाली सही करतो.

सही करण्याआधी माझ्या हाताने एवढे वाढवतो. पेन हातात घेतला तेव्हा बाहेर व्हरांड्यात आवाज झाला. फिर्यादी वीरेंद्र तिथे बाकावर बसून होता. तो उठून म्हणाला, "माय, तू काहून आली इथं?" दारात त्याच्या आई ललिताबाई उभ्या होत्या. मागे रत्नाबाई, त्यांनी ललिताबाईंच्या कोपराला आधार दिला होता. ललिताबाईंच्या खांद्यावर पोत्यात गुंडाळलेले काहीतरी जड होते. त्यांनी ते हवालदारांच्या टेबलावर ठेवले. पोते सरकले आणि फाटकाचे हॅन्डल दिसले. वीरेंद्र दारातच थांबला.

ललिताबाईंनी माझ्याकडे पाहिले नाही. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि हवालदारांना म्हणाल्या,

"दुसरा कागद घ्या. लिहा. नाव ललिता. बापाचं नाव तुलाराम."